रात्री उठताना पडणं : दांडे बसवण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ७८ वर्षांची, एकटी राहते, घरातलं सगळं स्वतः करते. दोन महिन्यांत दोनदा पडली, दोन्ही वेळा मध्यरात्रीनंतर लघवीला उठली तेव्हा. एकदा पलंगापासून दोन पावलांवर, एकदा बाथरूमच्या दाराशी. हाड मोडलं नाही, पण तिने धसका घेतलाय. रक्तदाबाची गोळी रोजची, झोपेची अधूनमधून. तुम्ही विचारलंय, बाथरूममध्ये आधाराचे दांडे कुठे लावायचे, फरशी बदलायची का, गळ्यात घालायचं अलार्मचं बटण घ्यायचं का. भाऊ म्हणतो पलंगाला कठडे लावू आणि रात्रीला माणूस ठेवू. आईला यातलं दोन्ही नको.

यात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. तुमचे जवळजवळ सगळे प्रश्न बाथरूमबद्दल आहेत आणि आई बाथरूमच्या आत एकदाही पडलेली नाही. गडबड होते आहे ती डोळे उघडल्यापासून दारापर्यंतच्या एक-दोन मिनिटांत. नवी फरशी घातली तरी त्या दोन मिनिटांत काहीच फरक पडणार नाही. दांडे बसवाच, ते कसे तेही पुढे लिहितो, पण पहिलं काम ते नाही.

पहिलं काम म्हणजे दोन गोष्टी विचारून घेणं. ती रक्त पातळ करणारं औषध घेते का, आणि पडताना डोकं आपटलं होतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर आजच डॉक्टरला दाखवा, आत्ता ठणठणीत दिसत असली तरी. मेंदूवर हळूहळू साठणारं रक्त कधीकधी काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही त्रास देतं. वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात किंवा पाय जड वाटणं ही त्याची चिन्हं. तसंच, पडण्याआधी छातीत धडधडलं असेल किंवा ‘कशी पडले ते आठवतच नाही’ असं ती म्हणत असेल, तर शुद्ध हरपली असण्याची शक्यता धरून आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

असं काही नसेल तर पुढची पायरी म्हणजे तिच्याकडून दोन्ही प्रसंग पुन्हा ऐकणं. ‘काय झालं?’ असं विचारलंत तर उत्तर येईल, ‘काही नाही, पाय घसरला.’ हे उत्तर लगेच खरं मानू नका. घसरणं कोणाचंही होतं. चक्कर आली म्हटलं की मुलं काळजीत पडतात, म्हणून बहुतेक जण पाय घसरल्याचंच सांगतात. नेमकं विचारा. उठून उभी राहिल्यावर लगेच पडलीस की थोडं चालल्यावर? जाताना की येताना? डोळ्यांपुढे अंधारी आली का? गुडघ्यातून पाय दुमडला, की कशाला तरी अडकला? दिवा लावला होतास का? पायात काय होतं? घाई झाली होती का?

उभं राहिल्यावर लगेच, पलंगाजवळच तोल गेला असेल तर पहिला संशय रक्तदाबावर. लघवी करून परत येताना पडणं झालं असेल तरीही तोच, कारण लघवी झाल्यावर दाब क्षणभर खाली येऊ शकतो. दाराशी पडली तर उंबरठा, पायपुसणं, अंधार आणि घाई. गुडघा दुमडला तर मांडीची ताकद. तुमच्या आईच्या दोन प्रसंगांची कारणं वेगवेगळी असणं अगदी शक्य आहे. या वयात बहुधा दोन-तीन छोट्या गोष्टी एकाच वेळी जमून येतात.

रक्तदाब घरी असा मोजा. पहाटे, उठायच्या आधी, ती किमान पाच मिनिटं आडवी असताना एकदा. मग तिला उभं करा आणि पहिल्या मिनिटाला व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. पट्टा दंडावर तसाच राहू द्या, मोजताना हात छातीच्या पातळीवर आधाराने ठेवा. तुम्ही शेजारी उभे राहा, मागे खुर्ची ठेवा, आणि गरगरलं तर आकडा राहू दे, आधी तिला बसवा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर कारण सापडलं असं समजायला हरकत नाही. उदाहरणार्थ आडवं असताना १४८/८४ आणि उभं राहिल्यावर १२२/७२. दवाखान्यात दाब बसवून मोजतात आणि तिथे तो छान दिसतो, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहा, सोबत कोणती गोळी किती वाजता घेते ते लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा मात्रा, वेळ किंवा प्रकार बदलून भागतं. पाणी कमी पिणं हेही एक साधं कारण असतं, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच टाळणारे पुष्कळ जण असतात. त्याने दाब आणखी पडतो.

तोवर उठण्याची पद्धत बदला, आज रात्रीपासून. जाग आली की आडवं असतानाच पावलं घोट्यातून वीसेक वेळा वर-खाली करायची. मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कडेवर निदान एक मिनिट बसायचं आणि मुठी आवळायच्या-सोडायच्या. उभं राहिल्यावर पोटऱ्या पलंगाला टेकलेल्याच ठेवून मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच पहिलं पाऊल टाकायचं. पोटरीचे स्नायू आवळले की पायांत उतरलेलं रक्त वर ढकललं जातं, हा त्यामागचा हिशोब. पोटऱ्या टेकलेल्या असल्या की गरगरलं तरी ती मागे गादीवरच बसते. दिवसा चार-पाच वेळा सराव करून घ्या. अर्धवट झोपेत माणूस सवयीचंच करतो, कालच्या सूचना त्याला आठवत नाहीत.

आता गोळ्या. झोपेची गोळी ‘अधूनमधून’ म्हणजे नेमकी किती, हे पाकीट मोजून बघा. महिन्यापूर्वी आणलेली पट्टी किती उरली आहे त्यावरून कळेल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या गटातल्या गोळ्या झोप आणतात आणि तोलही घालवतात. रात्री दोन वाजता त्यांचा अंमल शिल्लकच असतो. सर्दी-खाजेसाठीचं क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्यासाठी देतात ते ॲमिट्रिप्टिलीन, यांचंही तेच. वडीलधाऱ्यांना जपून द्यायच्या किंवा टाळायच्या औषधांची ‘बिअर्स यादी’ १९९१ पासून डॉक्टरांच्या वापरात आहे आणि ही सगळी नावं तिच्यात आहेत. मात्र रोजची सवय झालेली झोपेची गोळी एकदम तोडायची नसते. झोप पार उडते, घालमेल होते, क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने उतरवायची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एक-दोन रात्री जाग आल्यावर साखरही मोजा. साखर उतरून आलेला घाम आणि थरथर अंधारात चक्करीसारखीच वाटते.

मुळात ती रात्री कितीदा उठते? याचं उत्तर मोजून मिळवा. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळेसह लिहायची. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. चोवीस तासांतल्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर मूत्राशयापेक्षा शरीरात साठणाऱ्या पाण्याकडे बघायचं. दिवसभर घोट्यांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री बाहेर पडतं. संध्याकाळी पायमोज्याच्या इलॅस्टिकची खोल खूण उठते का पाहा. उठत असेल तर दुपारी तासभर पाय छातीपेक्षा थोडे उंच ठेवून पडायला सांगा आणि सूज डॉक्टरांच्या कानावर घाला. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची हेही त्यांनाच विचारा. उलट दर वेळी थोडीच होत असेल आणि घाई फार होत असेल, तर प्रश्न मूत्राशयाचा. जळजळ नव्याने सुरू झाली असेल तर लघवी तपासा. हे सगळं मार्गी लागेपर्यंत पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवण्याबद्दल तिच्याशी बोला. बहुतेकांना ही कल्पना आवडत नाही, पण ‘फक्त रात्री, फक्त महिनाभर’ म्हटलं की निम्म्या जणी तरी तयार होतात.

इथवर फारसा खर्च न होता निम्मं काम झालेलं असतं. आता खोली बघू.

पलंगाची उंची मोजताना तिला कडेवर बसवूनच मोजा, कारण गादी दबते. पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली असले पाहिजेत. बऱ्याच जणांना ४५ ते ५० सेंटीमीटर लागतात, पण खरं माप तिच्या गुडघ्याच्या मागच्या वळणापासून तळपायापर्यंतचं. पलंग खाली असेल तर पायांखाली खोबणीचे ठोकळे मिळतात. जास्त उंच असेल तर ती घसरत उतरते, तेव्हा गादी पातळ करा. कड मऊ पडली असेल तर उठताना बूड घसरतं. अशी गादी बदललेलीच बरी.

दिवा हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि बसवताना सर्वांत जास्त चुका त्यातच होतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्यापेक्षा साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोचतो, आणि अंधाराला सरावायलाही वेळ लागतो. मोठा दिवा लावला की डोळे दिपतात, परतताना बंद केला की काही क्षण काहीच दिसत नाही. म्हणून हालचालीवर लागणारे, पिवळसर, मंद दिवे घ्या आणि नडगीच्या उंचीला लावा, प्रकाश जमिनीवर पडेल असे. पहिला दिवा पलंगाखालच्या बाजूला हवा, पाय जमिनीला टेकताच लागणारा. दाराजवळ लावलेला दिवा ती दारापर्यंत गेल्यावर लागतो, आणि तुमची आई तर एकदा पलंगाशीच पडली आहे. बसवल्यावर रात्री दिवे घालवून तुम्ही स्वतः ती वाट एकदा चाला.

पायपुसणी उचला. कडा चिकटवून, खाली जाळी घालून त्यांना वाचवायचा प्रयत्न करू नका. उंबरठा काढता येत नसेल तर त्याच्या कडेला फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी लावा. पायात मागून बंद, पातळ पण घट्ट तळव्याचं पादत्राण हवं. सैल सपाता आणि नुसते मोजे या दोन्हींवर घसरायला होतं. चश्मा दूरचा आणि जवळचा एकत्र असेल तर खाली बघताना जमीन धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चश्मा वेगळा करून उशाशी ठेवता येतो.

आता दांडे. उठताना माणूस आधी पुढे झुकतो, मग वर येतो. म्हणून कमोडच्या मागच्या भिंतीवरचा दांडा शोभेचा. शेजारच्या भिंतीवर एक आडवा हवा, बैठकीपासून साधारण २० सेंटीमीटर वर, रेटून उठायला. एक उभा हवा, कमोडच्या पुढच्या कडेच्या पंजाभर पुढे, ओढून उभं राहायला आणि उभं राहिल्यावर तोल सांभाळायला. दाराच्या चौकटीशी आणखी एक उभा, आत पाऊल टाकताना धरायला. पण माझ्या आकड्यांवर भोक पाडू नका. आईला बसवा, उठवा, तिचा हात आपसूक कुठे जातो तिथे चिकटपट्टी लावा, आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. एका बाजूचा खांदा किंवा मनगट दुखत असेल तर सगळा हिशोब दुसऱ्या बाजूने करावा लागतो.

दांड्याची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, पृष्ठभाग खरबरीत, आणि भिंतीपासून अंतर ४ सेंटीमीटरच्या आसपास. अंतर जास्त ठेवलं तर हात घसरून कोपरापर्यंत आत जातो आणि पडताना मोडतो. नामांकित दांडे साधारण ११३ किलोंचा भार धरतील असे केलेले असतात, पण दांडा मोडत नाही, भिंतीतून निघतो. टाइल आणि तिच्यामागचा गिलावा मिळून बऱ्याचदा ३ ते ४ सेंटीमीटर होतात. ५ सेंटीमीटरचा स्क्रू म्हणजे विटेत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. प्लग आणि स्क्रू गिलावा ओलांडून विटेत खोल गेला पाहिजे. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर तडा जातो. नळाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू देऊ नका, आत पाइप असतो. भिंत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग धरत नाही, केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेल्या रसायनाने पक्का धरणारा बोल्ट, लागतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, तळाशी सिलिकॉन. बसवल्यावर अँकर पूर्ण घट्ट झाला की घरातल्या सर्वांत जड माणसाने त्याला लोंबकळून बघायचं. चोखून चिकटणारे, सक्शनचे दांडे टाइलच्या सांध्यावर हवा सोडतात आणि कधी निघतील याचा नेम नसतो. टॉवेलचा रॉड टॉवेलपुरताच.

फरशी बदलायची गरज सहसा नसते. घसरण होते ती साबणाच्या थरामुळे, आणि तो खरखरीत ब्रशने घासून निघतो. आंघोळीला रबरी पायांची, पाठ असलेली खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर घ्या. त्यापेक्षा महत्त्वाचं दार. ते आत उघडत असेल आणि ती आतून दाराला टेकून पडली, तर बाहेरून कोणालाही उघडता येणार नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या आणि कडी बाहेरून काढता येणारी लावा.

भावाच्या कठड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: लावू नका. ज्या बाईला लघवीची घाई झाली आहे ती कठड्याला थांबत नाही, ती त्याच्यावरून उतरते, आणि मग पडते ती जास्त उंचीवरून. गादी आणि कठड्याच्या फटीत मान किंवा हात अडकण्याचा धोका वेगळाच. उठायला आधार हवा असेल तर गादीखाली सरकवून पलंगाला आवळून बसवायची छोटी मूठ मिळते. तीही गादीपासून फट राहणार नाही अशीच बसवायची.

धसका बसल्यावर घरचे म्हणतात, ‘जास्त हिंडू-फिरू नकोस.’ या सल्ल्याने नुकसान होतं. निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस कमी झालं होतं. तिची ताकद आज किती आहे ते बघा. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसवून, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून बसते ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमले तर पाय कमी पडत आहेत. हीच चाचणी मग व्यायामही होते: ओट्याला किंवा जड टेबलाला हात लावून खुर्चीतून उठ-बस, टाचा उचलणं, चवडे उचलणं, पाय बाजूला नेणं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहणं. सुरुवात दहा-दहाने, आठवड्यातून तीन दिवस, आणि सोपं वाटू लागलं की आधार एका हाताचा, मग दोन बोटांचा. तोल आणि ताकद यांच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरतं, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. नुसतं चालणं त्याला पर्याय नाही. चालण्यात तोल फारसा आजमावला जात नाही.

अलार्मचं बटण घ्या, पण ते पाण्यात चालणारं असावं आणि झोपताना, आंघोळीला अंगावरच असावं. उशाला ठेवलेलं बटण दाराशी पडलेल्या बाईला उपयोगाचं नाही. बटण दाबल्यावर येणारा माणूस बंद दारातून आत कसा येणार, हेही आजच ठरवा. किल्ली शेजारी ठेवा किंवा आकड्यांची किल्लीपेटी बाहेर लावा. पडल्याचं आपोआप ओळखणारी उपकरणं हळूच घसरून बसलेलं माणूस पुष्कळदा ओळखत नाहीत. शिवाय तिला जमिनीवरून उठायला शिकवा, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने, दिवसा, चटईवर. आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, चांगला पाय पुढे रोवून रेटायचं आणि वळून बसायचं. कमरेत कळ येत असेल किंवा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल तर मात्र हलायचं नाही, मदतीची वाट बघायची. तासन्‌तास गार फरशीवर पडून राहणं हे अनेकदा पडण्यापेक्षा महागात जातं.

राहिला प्रश्न रात्रीच्या माणसाचा. आई उभी राहिल्यापासून पडेपर्यंत काही सेकंदच जातात आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग यायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे माणूस असल्याने पडणं टळेलच असं नाही. पडल्यावर मदत लवकर मिळेल एवढं नक्की. तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर ठरेल अशा तीन परिस्थिती आहेत: ‘आधी बसायचं, मग उठायचं’ हे तिच्या लक्षातच राहत नसेल, शिकवूनही जमिनीवरून उठता येत नसेल आणि बटण अंगावर ठेवायला ती तयार नसेल, किंवा हे सगळं करूनही ती पुन्हा पडली असेल. म्हणून सहा आठवडे द्या. आज उभं राहिल्यावरचा दाब, रात्री किती वेळा उठते आणि खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठते, हे तीन आकडे लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा घ्या. मग तिघं बसून ठरवा, आणि त्या कागदावर पहिलं बोलायचा मान आईला द्या.